सम सोडून टाळी

ओल्या प्लायवूडचा वास आला की मला नेदरलँड्सच्या रायस्वाइकमधल्या आमच्या बिल्डिंगचं मागचं अंगण आठवतं. कोरोनात थिएटरं बंद झाली आणि आमच्या खालच्या मजल्यावरच्या डच आजींचा निरोपाचा कार्यक्रम रद्द झाला. उभा जन्म जॅझवर टॅप डान्स केलेल्या त्या बाईला गुपचूप घरी बसणं मंजूर नव्हतं. एका रविवारी दुपारी त्यांनी अंगणातल्या ओल्या गवतावर प्लायवूडचे तक्ते टाकले, स्पीकर लावला आणि नाचायला लागल्या. बुटांच्या तळाच्या धातूच्या पट्ट्या कडकडायला लागल्या. सगळी बिल्डिंग बाल्कनीत लोटली. विमानं बंद म्हणून आमच्याकडे अडकलेले माझे सासरे, बाबा, भजनातले जुने गडी. त्यांनी खणखणीत टाळी धरली, अर्थात समेवर. आजी थबकल्या आणि वर बघत इंग्रजीत म्हणाल्या, "एकवर नाही, दोनवर आणि चारवर." जॅझमध्ये टाळी दुसऱ्या-चौथ्या मात्रेवर पडते, हे मी सांगितल्यावर बाबा भडकलेच. "सम सोडून टाळी? मग गाणं उभं कशावर राहणार?" शेजारी दोन-चारवर, बाबा हट्टाने एकवर, आणि त्या दोन्हींच्या मधून आजींचे पाय हसत हसत सुसाट सुटलेले. शेवटी त्यांनी उडी घेतली आणि दोन्ही पाय नेमके बाबांच्या टाळीवर आणून आपटले. "आली," बाबा कठड्यावरून ओणवे होत ओरडले, "बाई समेवर आली." परवा हेगमध्ये जॅझ ऐकताना मी शहाण्यासारख्या दोन-चारवर टाळ्या देत होते. शेवटची मात्र समेवर पडली, सगळ्या हॉलमध्ये एकटीची, आणि चांगली खणखणीत.