रेडिओने मागितलेले चार आकडे

बाबांच्या जुन्या गाडीची बॅटरी बदलली आणि रेडिओने चोरी रोखण्यासाठीचा चार आकडी कोड मागितला. आत दिवंगत बाबांच्या भाषणाची एकुलती एक कॅसेट अडकली होती.

"ताई, फेका तो डबा. नवा बसवतो," मेकॅनिक काका म्हणाले.

"काका, माझ्या बाबांना ऐकायला मी परवानगी काढू? उघडणार म्हणजे उघडणार!"

वीज गेली की हे यंत्र सगळं विसरतं, फक्त संशय घेणं विसरत नाही. सत्ताही अशीच असते.

बाबा आपल्या सभांच्या उरलेल्या पत्रकांच्या कोऱ्या पाठीवर सगळं टिपून ठेवत. मी गाडीतला खण उपसला. एका पत्रकामागे कोड सापडला.

चार आकडे दाबले, रेडिओ खरखरला आणि कॅसेटमधून बाबांचा आवाज आला. "मित्रांनो, मागे उभ्या असलेल्यांनी पुढे यावं!"

काका पाना खाली ठेवून पुढे आले.