रिकाम्या गाडीत चाळीस किलो

या ग्रुपवरचे अनुभव मी भुईकाट्याच्या लायनीत थांबल्यावर वाचतो, आणि खरं सांगायचं तर हसतो. पांढरी साडी, लिफ्ट मागणारी बाई... बारा वर्षं गाडी चालवतोय, मला एकही भेटली नाही. भुताखेतांवर आजही विश्वास नाही. पण मागच्या वर्षी जे झालं ते मनात कुठे ठेवायचं कळत नाही, म्हणून लिहितो. आठवीत शाळा सुटली, चुकलं तर सांभाळून घ्या. नाव का टाकत नाही ते खाली कळेल, बाकीची नावंही बदलली आहेत.

गाव माझं वाशिम जिल्ह्यात. काम इकडे श्रीगोंद्याला, एका व्यापाऱ्याच्या पिकअपवर. शेतातून कांदा भरायचा, भुईकाट्यावर भरल्या गाडीचं वजन करायचं, माल उतरवायचा, मग परत येऊन रिकाम्या गाडीचं वजन करायचं; मधला फरक तो शेतकऱ्याचा माल. बायको रेखा आणि मुलगी गावाकडे. चार-चार महिने जाणं होत नाही.

एका रविवारी दुपारी मी एका बाईकडे गेलो. कारणं सांगून उपयोग नाही. तिनं निरोध पुढे केला होता — मीच नको म्हणालो. तिची काही चूक नव्हती. लिहायला अवघड जातंय, पण इथे खोटं लिहून काय करू...

गाडीत येऊन बसलो आणि दादा आठवला.

दादा म्हणजे माझा सख्खा मोठा भाऊ. तोही ड्रायव्हर. लहानपणी मला ट्रकमध्ये शेजारच्या सीटवर बसवून फिरवायचा. मग त्याला तो आजार झाला. घरात आजाराचं नाव कुणी घेत नव्हतं. त्याचं ताट वेगळं, तांब्या वेगळा. शेवटी आईनं दवाखान्यात नेला तेव्हा काट्यावर चाळीस किलो भरला. सहा फुटाचा माणूस. एक दिवस ओसरीत पडल्या पडल्या मला म्हणाला, "बाळ्या, ये ना. बस जरा जवळ." मी दारातूनच म्हणालो, "अभ्यास आहे." अभ्यास कसला! भीती वाटत होती. त्याच आठवड्यात तो गेला. घरात कमावणारं कुणी उरलं नाही, माझी शाळा तिथेच थांबली.

तर या आजाराचं मला एवढंच माहीत — वजन उतरतं आणि माणूस जातो. लगेच दवाखान्यात जायचं असतं, हे डोक्यातच नाही. मी काय केलं? डेटॉल टाकून दोनदा आंघोळ केली, आणि सोमवारी सकाळी गोण्या तोलायच्या काट्यावर स्वतः उभा राहिलो. एकसष्ट. संध्याकाळी परत उभा राहिलो. साठ. हमाल हसायला लागले, "काय ड्रायव्हर, पोरगी बघायला जायचंय का?"

रेखा पंधरा दिवसांनी मुलीला घेऊन इकडे राहायला येणार होती. तिला काय सांगून थांबवायचं? आणि नाही थांबवलं तर...

मंगळवारी सकाळी साडेदहाला रिकामी गाडी घेऊन दौंड रोडच्या काट्यावर गेलो. लख्ख ऊन. तिथे याकोबकाका असतात, साठीचे, खिडकीत बसून माईकवर बोलतात. वजनाच्या वेळी ड्रायव्हरनं उतरायचं असा नियम. मी उतरून बाजूला उभा राहिलो. माझी गाडी रिकामी १७८० भरते, डिझेलप्रमाणे दहा किलो इकडे-तिकडे. बोर्डावर लाल आकडा आला — १८२०.

माईक खरखरला. "ए वाशिम! क्लीनरला बी उतरव की. शेतकऱ्याचं चाळीस किलो मारतो व्हय?"

"क्लीनर नाही काका. एकटाच आहे."

"मग सीटवर कोन बसलंय, तुजी सासू?"

तोवर पावती छापून झाली होती. काका ती हातात घेऊन बाहेर आले. मागचा हौदा बघितला, टायरला चिखल आहे का बघितलं. शेजारच्या सीटवर माझा डबा आणि पाण्याची बाटली. दोन्ही काढून खाली ठेवली. १८२०. गाडी मागे घ्यायला लावली — मोकळा काटा बरोबर शून्य दाखवत होता. गाडी परत चढवली, उतरलो. १८२०.

चाळीस किलो.

मी कठड्यावर बसलो. काका चेष्टा विसरले. "काय झालं रं लेकरा?" आणि मी सगळं ओकून टाकलं — रविवारचं, दादाचं, ताटाचं, सगळं. मागे दोन ट्रॅक्टर हॉर्न वाजवत होते.

"कदी गेल्तास?"

"परवा दुपारी."

"आन् हितं कांदे वाहत बसलाय? आरं येड्या, तीन दिसांच्या आत गोळ्या मिळत्यात त्याच्यावर. माजी सून नगरला सरकारी दवाखान्यात नर्स हाय, तिलाच इचारू."

त्यांनी फोन लावून स्पीकर चालू केला. सुनेनं माझं नाव विचारलं नाही. "किती तास झाले?" एवढंच. मी बोटांवर मोजलं... शेहेचाळीसच्या आसपास. "बहात्तरच्या आत आहेत. पण उद्या नको, आत्ताच पाठवा. जेवढं लवकर तेवढं बरं."

काका म्हणाले, "जातो म्हन."

मी गाडीकडे बघून म्हणालो, "जातो."

बोर्डावरचा आकडा हलला. १८२० चा १७८० झाला. दार वाजलं नाही, गाडीला कुणाचा हात लागला नव्हता. काकांनी डोक्यावरची टोपी काढली, परत घातली. आत जाऊन दुसरी पावती काढली.

नगरला समुपदेशक मॅडमनी दार लावून घेतलं. मला वाटलं आता शिव्या खाणार. तसं काही नाही. कधी झालं, निरोध होता का, कुठे जखम किंवा फोड आहे का, आधी कधी तपासणी केलीय का, त्या बाईच्या तब्येतीचं काही माहीत आहे का... साध्या आवाजात एकेक विचारलं. मग म्हणाल्या, "एकदा संबंध आला म्हणजे लागण होतेच असं नाही. पण माहीत नसताना थांबून बघायचं नसतं. गोळ्यांनी धोका खूप कमी होतो, शून्य होतो असं मी म्हणणार नाही." रक्त घेतलं. डॉक्टरांनी तपासून गोळ्या लिहिल्या — रोज एक, ठरलेल्या वेळी, अठ्ठावीस दिवस, मळमळलं तरी चुकवायची नाही. दीड महिन्यानं आणि तीन महिन्यांनी परत तपासणी, तोवर बायकोशीही निरोधाशिवाय नाही.

मी विचारलं, "मॅडम, ताट वेगळं ठेवायचं का?"

"कशाला? लागण झाली असती तरी गरज नव्हती. ताटानं, पाण्यानं, शेजारी बसल्यानं हा आजार होत नाही."

शेजारी बसल्यानं होत नाही. मी तिथे जो रडलो... मॅडमना वाटलं स्वतःसाठी रडतोय.

पाचव्या दिवशी रेखाला फोनवर सगळं सांगितलं. तिनं फोन ठेवला. दोन दिवस उचलला नाही. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी तिचाच आला. "गोळी घेतली का?" "घेतली." कट. शेवटच्या गोळीपर्यंत रोज तेवढंच. तीन महिन्यांची तपासणीही चांगली आली, मग ती मुलीला घेऊन आली. तिनं माफ केलं असं मी म्हणणार नाही. ताट मात्र वेगळं ठेवलं नाही. तिचे, काकांचे, त्या मॅडमचे उपकार कसे फेडू?

काटा नंतर तपासून घेतला, त्यात दोष निघाला नाही. दोन्ही पावत्या माझ्याकडे आहेत — एक १८२०, एक १७८०, मधे पंधरा मिनिटं. काय होतं ते मला आजही सांगता येत नाही. काकांना विचारलं तर ते विषय बदलतात.

आता शेजारची सीट मी मोकळी ठेवतो. डबा पायाशी. रोज काट्यावर उतरतो आणि बोर्डाकडे बघतो. १७८०. काका माईकवर म्हणतात, "बरोबर हाय रं, घे गाडी." आणि मला रोज वाटतं... आज तरी चुकायला पाहिजे होतं.