‘शर्ट धर’ म्हणणारा

फुटबॉलमध्ये मुद्दाम केलेल्या फाउलला मिळते ती शिक्षा अगदीच पुचाट आहे, असं माझं पक्कं मत झालंय. सकाळी मैदानावर चालायला येणारी मंडळी हे ऐकून ऐकून विटलीत. त्यांत एक निवृत्त रेल्वेवाले आहेत, ते तर मला लांबून बघितलं की वाट बदलतात. परवा टीव्हीवर कुठल्याशा परदेशी सामन्यात एकाने सुटलेल्या गड्याला मागून कमरेला मिठी मारून खाली आणलं. पिवळं कार्ड मिळालं आणि हा पठ्ठ्या हसत हसत जागेवर गेला. कॉमेंट्री करणारा म्हणतो, काय हुशारीने केलेलं फाउल! मी टीव्ही बंद केला. बायको म्हणाली, “आता त्या टीव्हीनं काय घोडं मारलं तुमचं?”

टीव्हीनं काही केलं नाही. जे केलं ते मीच केलंय.

नांदेडच्या एका शाळेत मी तीस वर्षं खेळ शिकवतोय. पुढच्या वर्षी निवृत्त होईन. गुडघे माझ्या आधीच निवृत्त झालेत. या तीस वर्षांत पोरापोरींना पास शिकवला, हेडर शिकवला आणि फाउल कसं करायचं तेही शिकवलं. सगळेच शिकवतात, उगाच सोवळेपणा कशाला? समोरची चेंडू घेऊन सुटली आणि आता हाती लागत नाही असं दिसलं की तिला पाडायचं. पण डीच्या, म्हणजे गोलसमोरच्या चौकोनाच्या, बाहेर आणि लवकर. गोलपासून लांब पाडलं तर पिवळ्यावर भागतं. गोलजवळ पाडलं आणि मागं आपलं कुणी नसलं तर लाल, थेट मैदानाबाहेर. म्हणजे गुन्हा तोच, फक्त जरा आधी उरकायचा. मी हे फळ्यावर खडूनं बाण काढून समजावायचो. भूगोलाच्या बाई एकदा दारात थांबून बघत होत्या. म्हणाल्या, “सर, किती सोपं करून सांगता हो तुम्ही!” मला तेव्हा बरं वाटलं होतं.

बारा वर्षांपूर्वी माझ्या मुलींच्या संघात बचावाला एक बॅक होती, अकरावीतली. वडिलांचं टेलरिंगचं दुकान. आमच्या जर्सीवरचे आकडे त्यांनीच शिवून दिले होते. पोरगी बोलायला कमी, पण पळायला लागली की हातातलं काम सोडून बघत बसावं. दोनशे मीटरला ती उतरली की दुसरी कोण येते एवढंच बघायचं बाकी राहायचं. वडील पहिल्या दिवशी तिला घेऊन आले आणि हात जोडून म्हणाले, “सर, बच्ची दौडती बहोत. दौडने देव उसकू.”

मी म्हणालो, “चाचा, तुम्ही काळजीच सोडा.”

तिला सगळं जमायचं, फाउल तेवढं जमायचं नाही. सरावात मी कडेवरून ओरडायचो, “धर तिला, धर!” ही धरायचीच नाही. मागं पळायची, गाठायची आणि अलगद पायातून चेंडू काढून घ्यायची. कधी कधी हुकायची. हुकली की मी खेकसायचो, “अगं बाई, देवानं हात कशाला दिलेत तुला?” ती मान खाली घालून परत जागेवर जायची आणि पुढच्या वेळी पुन्हा पळायचीच. असा राग यायचा मला! राग कसला, भीती होती ती. मुलींचा संघ राज्य पातळीवर न्यायचं माझ्या मनानं घेतलं होतं. मोठ्या सामन्यात ही अशी सभ्यपणे पळत बसली तर माझं काय, ही भीती.

त्या वर्षी आम्ही लातूरला विभागीय सामन्यांच्या फायनलपर्यंत गेलो. जिंकेल तो संघ राज्याला. राज्याला खेळलं की पोरींना बारावीला वाढीव गुण, आणि संस्थेच्या सचिवांना पेपरात फोटो. निघताना सचिव मला बाजूला घेऊन म्हणाले होते, “सर, या वेळी हात हलवत परत येऊ नका.” ते वाक्य एसटीत नांदेडपासून लातूरपर्यंत माझ्या मांडीवर बसून आलं.

समोर किल्लारीकडची शाळा. त्यांची गावची माणसं दोन जीपा भरून आली होती, बायाबापड्यासुद्धा. त्यांची फॉरवर्ड म्हणजे एक बुटकी, काटक पोरगी, वेण्या वर बांधलेल्या. तिनं आमच्या नाकी नऊ आणले होते. तरी आम्ही एका गोलनं पुढं होतो, आणि शेवटची चार-पाच मिनिटं उरली होती.

तेवढ्यात ती मध्यरेषेजवळून सुटली. मी उभा होतो त्याच कडेनं. माझी बॅक तिच्या मागं, दोघींत दोन-अडीच हातांचं अंतर. आमची दुसरी बॅक मधून आडवी येत होती. किल्लारीवाले सगळे उभे राहिले. माझी पोरगी पळत होती, आणि पळता पळता तिनं एकदा माझ्याकडं बघितलं. नुसतं बघितलं.

मी ओरडलो, “शर्ट धर! शर्ट धर!”

तिनं धरला. पहिल्यांदाच. कधी सवय नव्हती म्हणून की काय, तिनं तो पूर्ण जोर लावून ओढला. ती बुटकी पोरगी मागं खेचली गेली आणि आडवी पडली, हात अंगाखाली. रेफरीनं शिट्टी मारली आणि पिवळं दाखवलं. फळ्यावर काढलं होतं अगदी तसंच फाउल. आणि मी टाळ्या वाजवल्या. हे मी कुणाला सांगितलेलं नाही, आज सांगतो. ती पोर मनगट धरून जमिनीवर पडलेली, आणि मी “शाब्बास!” म्हणून टाळ्या वाजवल्या.

त्यांच्या बाईंनी ओढणी फाडून तिचा हात गळ्यात बांधला. ती रडत होती, पण दुखतंय म्हणून नाही. “मला खेळू द्या, मी खेळते” एवढंच म्हणत होती. नाहीच खेळू दिलं. फ्री किक गोलच्या वरून गेली आणि आम्ही जिंकलो.

सामना संपल्यावर त्या जीपवाल्यांतला एक म्हातारा माझ्याजवळ आला. धोतर, टोपी, हातात पाण्याची बाटली. म्हणाला, “मास्तर, लेकरांना हे शिकवू लागलात व्हय?”

मी म्हणालो, “बाबा, खेळात चालतं हे.”

“चालतं का? बरं,” म्हणाला आणि गेला. चार शिव्या देऊन गेला असता तर परवडलं असतं.

परतीच्या एसटीत पोरी गाणी म्हणून म्हणून घसा बसवून घेत होत्या. माझी बॅक खिडकीशी बसली होती. अहमदपूर गेल्यावर तिनं विचारलं, “सर, तिचा हात मोडला असंल का?”

“अगं, लचकला असंल. तू नको डोकं लावू.”

ती परत खिडकीबाहेर बघायला लागली.

राज्याच्या पहिल्याच सामन्यात आम्ही हरलो. त्यानंतर ती मैदानावर आलीच नाही. आज येईल, उद्या येईल म्हणून मी वाट बघितली आणि शेवटी दुकानात गेलो. वडील मशीन थांबवून म्हणाले, “क्या मालूम सर. कुछ बोलती नै. दौडना बी छोड दी.”

इकडं सचिवांनी माझा सत्कार केला, शाल आणि नारळ. खरंच सांगतो, त्या नारळाची चटणी केली बायकोनं तर मला घास गिळवेना. कार्ड कुणाला मिळालं? पोरीला. हात कुणाचा मोडला? दुसऱ्या पोरीचा. आणि जो ओरडला त्याला शाल! म्हणून मी म्हणतो, शिक्षा कमी आहे. कमी म्हणजे काय, ज्याला व्हायला पाहिजे त्याला होतच नाही. त्या टेलरच्या दुकानावरून जायचं झालं की मी रस्ता ओलांडून पलीकडून जायचो. पोरीनं खेळ सोडला तो माझ्यामुळं का, एवढंच विचारायचं होतं. बारा वर्षं छाती झाली नाही.

या हिवाळ्यात नांदेडला लहान मुलींची आंतरशालेय स्पर्धा होती. इस्लापूरकडच्या एका शाळेचा संघ जीपमधून उतरला आणि त्यांच्या मागून त्यांच्या मॅडम उतरल्या. पंजाबी ड्रेस, पायात बूट, गळ्यात शिट्टी. चालीवरूनच ओळखलं मी, आणि पाठ फिरवायच्या आत ती समोर आली.

“सर, ओळखलं का?”

“हाव, ओळखलं की! न ओळखायला काय झालं?” मी उगाच मोठ्यानं बोललो.

ती तिकडं विज्ञान शिकवते. संघ तिनंच उभा केलाय. गवतात पोरींना पळवत होती म्हणे, मैदान नाही. एवढं बोलून ती पोरींचे बूट बघायला गेली.

दुपारी आमचा सामना त्यांच्याशीच पडला. शून्य-शून्य. शेवटाला आलं तसं माझी फॉरवर्ड सुटली. तिच्या मागं त्यांची एक बारकुली बॅक, शर्ट गुडघ्यापर्यंत आलेला. हात लांब केला असता तर माझ्या पोरीला सहज धरता आलं असतं. आणि त्या बारकुलीनं पळता पळता कडेला बघितलं, आपल्या मॅडमकडं. ती नजर मी ओळखतो. 

मॅडम ओरडली, “माझ्याकडं बघू नको! पळ! पळ गं, पळ!”

ती पळाली. जीव खाऊन पळाली. शेवटी पायही घातला, पण बोटभर हुकलं आणि गोल झाला. आम्ही जिंकलो. माझ्या पोरी एकमेकींच्या अंगावर पडत होत्या आणि मला हसूसुद्धा येईना. तिकडं ती बारकुली हुंदके देत होती. मॅडम तिच्यासमोर उकिडवी बसून म्हणत होती, “अगं काय पळालीस तू! लई भारी पळालीस!”

“पोचले न्हाई ना मॅडम.”

“आज न्हाई पोचलीस. पुढच्या टायमाला पोचशील.”

पोरी जीपकडं गेल्यावर मी तिच्याजवळ गेलो. लातूरपासून मनात घोळवलेलं सगळं ऐन वेळी गळून पडलं. म्हणालो, “त्या दिवशी चूक माझी होती. त्या पोरीच्या हाताचं…”

“तिचा हात बरा झाला, सर,” ती म्हणाली. “मी अब्बांना घेऊन किल्लारीला गेले होते, महिनाभरानं. माफी मागितली. त्यांनी चहा पाजला, जेवू घातलं. तिनं प्लॅस्टरवर माझी सही घेतली.”

 मी इथं रस्ता ओलांडून पळत होतो आणि सतरा वर्षांची पोर किल्लारीला जाऊन आली होती.

“मग खेळ का सोडलास?”

ती शिट्टीची दोरी बोटाला गुंडाळत राहिली. मग म्हणाली, “सर, मी तिला गाठत होते. अजून चार पावलं, बस. रोज तुम्हीच घड्याळ लावायचा, माझा टाइम तुम्हालाच माहीत होता. तरी तुम्हाला वाटलं, ही पोचत न्हाई.” दोरी सोडून म्हणाली, “तुम्हालाच वाटलं, मग मलाबी वाटायला लागलं.”

 मी तिच्याकडं बघितलंच होतं त्या दिवशी, पण अंतर मोजलं नव्हतं. मला फक्त सचिव दिसत होते.

तेवढ्यात तिकडून पोरींचा एकच ओरडा झाला. मॅडम मागच्या सीटवर बसल्या असं समजून ड्रायव्हरनं जीप सोडली होती. “मॅडम राह्यल्या! मॅडम राह्यल्या!” त्याच्या टेपच्या आवाजात त्याला ऐकू जाईना. जीप धुरळा उडवत गेटकडं निघाली.

“येते सर,” म्हणाली, ओढणी कमरेला बांधली आणि सुटली. अख्खं मैदान पडलं होतं मध्ये. मी उभ्या उभ्या आकडे मोजायला लागलो, जुनी सवय. पोरी जीपमधून अर्ध्या बाहेर लटकून ओरडत होत्या, पळा मॅडम, पळा. गेट यायच्या आत तिनं जीपच्या पाठीवर थाप मारली.

पोचली.