बॉनेटवर वाढलेलं पान

बायको गेल्यानंतर सव्वा महिन्याने आमच्या गाडीत पिवळा दिवा लागला, आणि तो हिनेच लावला असं मी धरून चाललो.

हसू नका, आधी ऐका. मी सातवी नापास माणूस. गिरणीत साचे, म्हणजे कापडाचे माग, चालवले, गिरणी बंद पडल्यावर एका शेटची गाडी चालवली. शेटच्या गाडीत असले दिवे नव्हते. तिथे काही बिघडलं की शेट स्वतःच पेटायचा! ही आमची गाडी म्हातारपणी सेकंडहँड घेतलेली, तीही हिच्या हट्टाने. सुलोचना तिचं नाव. पुढच्या सीटवर बसून लालबाग ते दादर "ब्रेक! ओ, ब्रेक!" करत यायची. स्वतः कधी चालवली नाही, पण तिच्या मते गाडी तीच चालवायची.

तर दिव्याचं कारण घडलं ते दहाव्याला. पिंडाला कावळा शिवला नाही. दीड तास आम्ही हात जोडून उभे. मुलगा सुनील म्हणाला, "आई, बाबांकडे मी बघीन." कावळा झाडावर, ढिम्म. सून म्हणाली, "आई, तुमची मोहनमाळ तुमच्या नातीला, छकुलीलाच घालीन." ढिम्म! मी म्हटलं, "सुलू, गाडी विकणार नाही." त्याने मान वळवली आणि पंख खाजवायला घेतले. शेवटी भटजींनी घड्याळ बघितलं (त्यांना पुढे माहीमला दुसरं काम होतं), दर्भाचा कावळा केला आणि तो पिंडाला शिववून मोकळे झाले. लग्नात नवऱ्याच्या जागी त्याचा फोटो उभा करावा, तसंच ते!

घरी आलो तो एकच गोष्ट डोक्यात घेऊन. ही नाराज होऊन गेली. कशावर, ते सांगितलं नाही. पंचेचाळीस वर्षांत कधी न सांगता राहिली नव्हती हो! आणि नेमकं तेव्हा गप्प.

मग मी ठरवलं, रोज सकाळी तिचं पान वाढायचं. कधीतरी येईलच. पण वाढायचं कुठे? आमच्या गॅलरीला कबुतरांची जाळी. गच्चीला कुलूप. राहिली खाली कंपाउंडमध्ये उभी असलेली गाडी. तिची लाडकी! उजाडता उजाडता पत्रावळीवर भात, डाळ, भाजी वाढून बॉनेटवर ठेवायचो आणि वर यायचो. माणूस बघत उभं राहिलं की कावळा येत नाही, हे शास्त्र. तीन जिने चढून, चहा घेऊन परत खाली यावं तर पान साफ! एक शीत नाही. पत्रावळसुद्धा कधीकधी गायब. मी वर बघून म्हणायचो, "जेवलीस ना? बरं झालं."

आणि मग तो पिवळा दिवा. समोर, काट्यांच्या मध्ये, इंजिनाचं चित्र.

सुनील डोंबिवलीहून फोनवर म्हणाला, "बाबा, गाडी दाखवून आणा."

"गाडीला काही झालं नाही. तुझी आई काहीतरी सांगतेय."

"आई दिवा लावून सांगेल?"

"मग काय तुला मेसेज टाकेल?"

त्याने फोन ठेवून दिला. (आईवर गेलाय, पण वाद सोडून द्यायचं माझ्याकडून उचललं.)

आता गंमत बघा. एक दिवस मी बांगड्याचं तिखलं केलं. तिच्या आवडीचं झणझणीत कालवण. पान वाढलं, दादरला जाऊन आलो, दिवा बंद! माझ्या डोळ्यांत पाणी. एवढंच होतं होय? रोज डाळभात घालून मेला तिचा जीव नकोसा केला होता! दुसऱ्या दिवशी मांदेली तळली. तिसऱ्या दिवशी सुकट. चौथ्या दिवशी दिवा पुन्हा लागला. मी म्हटलं, कमी पडलं. दोन बांगडे वाढले! दिवा आता बंद व्हायचं नाव घेईना. गाडी धक्के मारायला लागली, पेट्रोल पाण्यासारखं प्यायला लागली, आणि मागून असा धूर की खालच्या मजल्यावरची परबवहिनी खिडकी आपटून बोलली, "भाऊ, गाडी काढताय की डास मारताय?"

म्हणून शेवटी फ्रान्सिसकडे गेलो. कॉटन ग्रीनला गोदामांच्या मागे त्याचं गॅरेज. साठीचा माणूस, खोताच्या वाडीत वाढलेला. त्याने स्टिअरिंगखाली एक वायर खुपसली, हातातल्या डबीवर बघितलं आणि म्हणाला, "काका, ऑक्सिजन."

मी तिथल्या टायरवर बसलोच. तिच्या शेवटच्या आठ दिवसांत हाच एक शब्द ऐकला होता. डॉक्टर यायचे, पलंगाजवळच्या मशीनवरचा आकडा बघायचे, आणि जायचे.

फ्रान्सिसने पाण्याची बाटली पुढे केली. "तसा नाय हो काका. सायलेन्सरच्या पायपात एक सेन्सर असतो, नाकासारखा. धुराचा वास घेतो आणि इंजिनाला सांगतो, पेट्रोल कमी घे, जास्त घे. ता नाक बंद पडलंय. नवीन टाकू, खतम."

"म्हणजे गाडी जाणार नाही?"

"गाडी? तुम्हाला आणि मला दोघांना पोचवून येईल ती!"

नवीन नाक बसलं. दिवा बंद. त्या खुशीत मी दुसऱ्या दिवशी बॉनेटवर कोंबडीवडे वाढले.

तीन दिवसांनी दिवा हजर!

मी फोनवर फ्रान्सिसला जे बोललो ते इथे लिहीत नाही. डुप्लिकेट माल हा त्यातला सगळ्यात सभ्य शब्द. तो म्हणाला, "काका, चाळीस वर्षं गॅरेज चालवतो. आजपर्यंत कोण असा बोलला नाय. उद्या सकाळी येतो. चूक माझी निघाली तर तुमच्या कंपाउंडमध्ये उठाबशा काढीन."

सकाळी आला तेव्हा मी पान ठेवून नुकताच वर चढलो होतो. मला खाली बोलवायच्या आधीच त्याने पान बाजूला सरकवलं आणि बॉनेट उचललं. परबवहिनीची किंकाळी तिसऱ्या मजल्यावर मला ऐकू आली.

धावत खाली आलो. (धावत म्हणजे गुडघ्यांनी परवानगी दिली तितकं.) आतून एक घूस उडी मारून फ्रान्सिसच्या खांद्यावरून गेली, तिच्या मागून उंदरांची रांग. सगळे गुबगुबीत, अंगावर तुकतुकी, लग्नाला आलेल्या पाहुण्यांसारखे! इंजिनावर पत्रावळीच्या चिंध्यांचा बिछाना. त्यात बांगड्याचे काटे, वडे, भाताची शितं. आणि सेन्सरकडे जाणारी वायर कुरतडून नुसता तांब्याचा केस शिल्लक.

चाळीतली निम्मी माणसं गोळा झाली. फ्रान्सिस मला बघत होता, मी इंजिनाला.

"काका, तुमी इंजिनाला जेवायला घालता?"

आता काय सांगणार? सांगितलं सगळं. कावळा, दर्भ, दिवा, बांगडे. शर्टाच्या बाहीने तोंड पुसलं. कोणी हसलं नाही, तेच वाईट. हसले असते तर बरं झालं असतं.

"म्हणजे रे फ्रान्सिस," मी म्हटलं, "दोन महिने ती उपाशी आहे."

त्याने बॉनेट हळूच खाली ठेवलं. "आमच्यात कबरीवर मेणबत्ती लावतात. मम्मी गेली तेव्हा मी रोज लावायचो. एक दिवस वॉचमन बोलला, साहेब, ती मेणबत्ती मीच नेतो रोज, घरी लाइट नाय. मी बोललो, ने. मम्मीने पण दिलीच असती." मग वायर हातात घेऊन म्हणाला, "पण काका, इंजिनात नाय हो! दुसरीकडे कुठे पण वाढा."

त्याने वायर जोडली, वर जाड नळी चढवली, दिवा गेला. जुना सेन्सर ठणठणीत होता, नवा बसवताना तुटकी वायर तेवढ्यापुरती जुळली होती इतकंच; म्हणून जुनाच परत बसवला आणि नव्याचे पैसे परत दिले. उठाबशा मी काढतो म्हटलं, तर म्हणाला, "राहू दे, मग तुम्हाला उचलून वर कोण नेणार?"

परबवहिनी घरात गेली आणि गच्चीची चावी घेऊन आली. तिचा नवरा सोसायटीचा सेक्रेटरी.

दुसऱ्या दिवशी गच्चीच्या कठड्यावर पान ठेवलं. डाळ, भात, बांगड्याचं तिखलं. मी पाण्याच्या टाकीमागे, परबवहिनी जिन्यात. आज नाही आला, तर मग कधीच नाही, असं का कोण जाणे मनाने घेतलं होतं.

आला! समोरच्या टॉवरवरून सरळ खाली. पानाभोवती एक फेरी मारली. एक घास चोचीत घेतला. थांबला. मान वाकडी करून टाकीकडे, म्हणजे माझ्याकडे, चांगलं रोखून बघितलं. घास बाहेर टाकला. चोच कठड्यावर इकडून पुसली, तिकडून पुसली, आणि गेला उडून.

"अगो बाय, शिवला!" वहिनी ओरडली.

"शिवला कसला? थुंकला!" मी म्हटलं, आणि तिथेच मटकन बसून रडलो. किती तरी दिवसांनी मोकळं वाटलं.

सुनीलला फोन लावला. "अरे, आई येऊन गेली."

"कशावरून?"

"माझ्या हातचा घास तोंडात घेतला आणि टाकून दिला."

पलीकडून नाक ओढल्याचा आवाज. "मग आईच ती, बाबा. मीठ जास्त झालं असणार."

खाली येऊन पातेल्यातलं तिखलं चाखून बघितलं. अरे देवा! मीठ आहेच, वर हळद कच्ची, आणि तळाशी करपलेलं. दोन महिने हे खाऊन त्या उंदरांनी वायर का कुरतडली ते तेव्हा मला कळलं. बिचाऱ्यांना तोंडाची चव घालवायला दुसरं होतं काय?