आटेल या हिशेबाने विणलेला स्वेटर

नोलीन मॅककर्चरने नवऱ्याचा स्वेटर स्वयंपाकघरातल्या टेबलावर पसरला, तर तो दोन वितींत मावला. लोकरीचा नमदा झाला होता. टाके एकमेकांत इतके मुरले होते की नखाने उचकटूनही एक सुटेना. वृद्धनिवासाच्या धुलाईतून आटून आलेला हा तिसरा.

अलिस्टरला तिथे ठेवून चौदा महिने झाले होते. घरी होता तेव्हा तो उजाडायच्या आत अनवाणी कुरणात जायचा आणि मेंढ्या दिसत नाहीत म्हणून हाका मारत बसायचा. मेंढ्या विकून तर सहा वर्षं झाली होती. डॉक्टरांनी सांगितलं, लेक रेविनने सांगितलं, शेवटी नोलीनच्या पाठीनेही सांगितलं, तेव्हा कुठे ती तयार झाली. त्याचं जेवण, औषध, अंघोळ सगळं परक्या हातांत गेलं. अंगातला स्वेटर तेवढा तिचा राहिला. बावन्न वर्षांच्या संसारात विकतचा स्वेटर त्याच्या अंगाला लागला नव्हता.

त्याचे स्वेटर ती कोमट पाण्यात बुडवायची, घासायची नाही, नुसतं दाबायची. पिळायचा तर प्रश्नच नव्हता. टॉवेलात गुंडाळून पाणी टिपायचं, मग मापाला ओढून सावलीत आडवा वाळवायचा. दोरीवर टांगलेला स्वेटर दिसला की ती त्या घरच्या बाईबद्दल मत बनवून मोकळी व्हायची. अलिस्टरच्या प्रत्येक कॉलरमागे तिने पट्टी शिवली होती : ‘हात लावू नये. घरी धुणार.’ पण शनिवार-रविवारी बदली माणसं यायची. ती चादरी, पायमोजे आणि नोलीनच्या विणकामाचे दोन महिने एकाच उकळत्या पाण्यात घालायची. पहिल्या वेळी ती भांडली. दुसऱ्या वेळी व्यवस्थापिकेच्या खोलीत रडली. तिसऱ्या वेळी ती आटलेला स्वेटर घेऊन गेली आणि म्हणाली, हा आता तुमच्या मांजराला होईल. व्यवस्थापिकेने माफी मागितली आणि एक अर्ज भरून घेतला.

रेविनने फोनवर सुचवलं की बाबांना एक फ्लीसचं जॅकेट घेऊ, मशीनमध्ये टाकलं की विसरून जायचं.

“प्लास्टिकच्या बाटल्या वितळवून करतात ते,” नोलीन म्हणाली. “जन्मभर मेंढ्या राखलेल्या माणसाला बाटली घालून बसवू?”

“आई, त्यांना ऊब हवी आहे. तुला काय हवंय ते मला कळत नाही.”

नोलीनने फोन ठेवला.

मग तिला ती युक्ती सुचली. नवं काही विणायला घ्यायचं तर बाई आधी वीतभर नमुना विणून माप काढतेच. नोलीनने तसा चौकोन विणला, त्यावर अलिस्टरचं नाव आणि खोलीचा नंबर शिवला आणि शुक्रवारी त्याच्या मळक्या कपड्यांत सरकवून दिला. सोमवारी तो आटून परत आला. उंचीत एक तृतीयांश गेला होता, रुंदीत थोडा कमी. तिने फूटपट्टी लावली, कागदावर हिशेब मांडला आणि पेटीतली शेवटची, त्यांच्याच मेंढ्यांची करडी लोकर काढली. घरच्या मशीनमध्ये असा आटवता आला नसता, त्याला तेवढी आग नव्हती. तुम्हाला बिघडवायचंच आहे ना, मग बिघडवून बरोबर होईल असंच देते, ती मनाशी म्हणाली.

चर्चच्या हॉलमध्ये मंगळवारी विणायला जमणाऱ्या बायकांनी त्या बाह्या पाहिल्या आणि विचारलं, हा कुठल्या बैलासाठी. नवऱ्यासाठी, धुतल्यावर बसेल, असं तिने सांगितलं. हसणं थांबलं. तिच्याच हाताखाली शिकलेल्या बायका होत्या त्या. नंतर बराच वेळ कुणी तिच्याकडे पाहिलं नाही.

सात आठवड्यांनी तिने तो स्वेटर अलिस्टरची देखभाल करणाऱ्या सेफिनाच्या हाती दिला आणि बजावलं, आधी धुवायला टाक, मगच घाल. सेफिना सामोआची, मनापासून काम करणारी मुलगी. तिने मान हलवली.

पुढच्या गुरुवारी नोलीन चीज रोल घेऊन गेली, तर अलिस्टर बैठकीच्या खोलीत ओणवा होऊन खुर्चीखाली काहीतरी शोधत होता. स्वेटर गुडघ्यांपर्यंत लोंबत होता आणि दोन्ही रिकाम्या बाह्या फरशीवर घासत होत्या.

“माझे हात कुठे ठेवलेत?” तो विचारत होता. “आत्ता इथे होते.”

सेफिना लगबगीने आली. तिचा चेहरा खुलला होता. आता धुलाईखान्यात नियम लिहून लावलाय, तिने सांगितलं, नोलीनच्या अर्जामुळेच. लोकर वेगळी, थंड पाण्यात, हाताने. तिने स्वतः बसून धुतला होता, टॉवेलात टिपून दोन खुर्च्यांवर आडवा वाळवला होता. अगदी नोलीन भांडताना सांगायची तसा.

“बघा आंटी, एक टाकासुद्धा हलला नाही.”

नोलीनने पाहिलं. खरंच हलला नव्हता.

“छान धुतलास,” ती म्हणाली.

तिने बाह्या चार वेळा दुमडल्या. त्या चार वेळा घसरल्या. अलिस्टर रडायला लागला तेव्हा दोघींनी स्वेटर काढायला घेतला, पण एवढ्या पसाऱ्यात त्याचं डोकं अडकलं, आतल्या अंधारात तो ओरडला आणि हात सापडल्याबरोबर पहिला फटका सेफिनाच्या जबड्यावर बसला. त्या दिवसापासून डोक्यावरून काही चढवायला गेलं की तो किंचाळायचा. व्यवस्थापिकेने त्याच्या फाइलमध्ये तशी नोंद केली आणि नोलीनला सौम्यपणे कळवलं. शनिवारी रेविन निळं फ्लीसचं जॅकेट घेऊन आली. समोर चेन होती. त्याने काही कुरकुर न करता घातलं.

गुरुवारी नोलीन गेली, तेव्हा तो खिडकीशी बसून चेन वर-खाली करत होता. गाल गुलाबी होते. तिने कॉलरमध्ये बोटं घालून मान चाचपली. घाम नाही, गारठा नाही. काही म्हणजे काही नाव ठेवायला जागा नव्हती.

“समोर बटणं असलेला विणून आणू तुला?” तिने विचारलं.

तो तिच्याकडे पाहून अदबीने हसला.

“तुम्ही कशाला त्रास घेता, बाई? माझी बायको विणते.”

“असं का?”

“तिच्यासारखं नाही जमायचं तुम्हाला. आणि दुसऱ्या कुणाचं घातलेलं तिला खपत नाही.” बोलता बोलता त्याचं लक्ष अंगातल्या निळ्या जॅकेटकडे गेलं. त्याने घाईने दाराकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला. “हे तिला सांगू नका.”

“नाही सांगत,” नोलीन म्हणाली, आणि अर्ध्यावर अडकलेली चेन तिने त्याच्या गळ्यापर्यंत ओढून दिली.