खालची ओळ कापलेलं प्रूफ

सकाळी मोबाईल उघडला. गावच्या ग्रुपवर पत्रक फिरत होतं, सुमनताईंच्या फोटोसकट: ‘सरपंचपदाच्या निवडणुकीतून मी माघार घेत आहे.’ बॉर्डर माझी, फॉन्ट माझा. मतदान उद्या.

बेलापूर रोडला माझी प्रिंटिंग प्रेस आहे. निवडणुकीच्या पत्रकावर खाली छापणाऱ्याचं आणि छापून घेणाऱ्याचं नाव टाकावंच लागतं. शिवाय सही, दोन साक्षीदार. नाहीतर आधी आमच्यावर केस. चार दिवसांपूर्वी ताईंच्या भावकीतला भास्कर हाच मजकूर घेऊन आला. “ताईनीच धाडलंय,” म्हणाला. मी प्रूफ, म्हणजे छापण्याआधीचा नमुना, त्याला व्हॉट्सॲपवर पाठवलं आणि सही मागितली. गडी परत फिरकलाच नाही. ताईंना एक फोन करावा, एवढी अक्कल मला सुचली नाही.

आता त्यानं खालची नावांची ओळ तेवढी कापली होती.

तडक निवडणूक कार्यालयात गेलो. साहेबांना सगळं लिहून दिलं.

“कागद छापलाय का?”

“नाही.”

“छापला असता तर आत्ता गठ्ठे उचलले असते. मोबाईलवर पहिल्यांदा कोणी टाकलं, त्यासाठी सायबर पोलिसांना पत्र द्यावं लागेल.”

“उत्तर कधी येईल?”

“महिना तरी धरा.”

“अहो साहेब, मतदान उद्या आहे!”

ते फाईल चाळत राहिले. बाहेर येऊन भास्करला फोन लावला.

“म्या कुठं काय छापलंय काका? धाडलं तर तुमीच,” म्हणाला. निर्लज्ज मेला!

दुपारी सुमनताई धापा टाकत प्रेसमध्ये आल्या. “काका, ‘मी उभीच हाय’ एवढं छापून द्या. घरोघर मी सोता वाटते.”

“ताई, प्रचार काल संपला. आता कागद वाटला तर केस तुमच्यावरच.”

“आन् मोबाईलवरचं?”

“त्याला कोण विचारतंय? ताई, ते प्रूफ माझंच हाय.”

ताई कागदाच्या गठ्ठ्यावर टेकल्या. “मला एकदा इचारायचं तरी हुतं, काका.”

दुसऱ्या दिवशी बूथबाहेर बाया म्हणत होत्या, “सुमन बसली ना? मग तिला कशाला द्यायचं?” ताई अकरा मतांनी पडल्या. सायबरचं उत्तर अजून यायचंय. मी मात्र आता प्रूफ दुकानातच दाखवतो.

आठवड्यानं भास्कर आला. नव्या सरपंचाच्या अभिनंदनाचा बॅनर हवा होता.

“काका, खाली शुभेच्छुक म्हणून माझं नाव टाका. चांगलं ठळक.”