जयाचं रडतं खोकं

पुसदच्या अलीकडे आमचा तांडा, अन् तांड्याच्या तोंडाशी जयाचं मंडप-साउंडचं दुकान. बाप गेल्यावर तिनंच ते सांभाळलं. खांब रोवणं, भोंगे बांधणं, नवरदेवाच्या मामाची चढलेली उतरेपर्यंत आवाज कमी-जास्त करणं, सगळं तिला यायचं. पण एवढ्यावर थांबली असती तर ती जया कसली? उरल्या वेळात फुटके स्पीकर अन् जुना प्रोजेक्टर घेऊन ती अंधाऱ्या खोलीत काहीबाही मांडायची. एकदा तिनं पिठाच्या गिरणीचा आवाज लावला अन् भिंतीवर गाईचा भला मोठा डोळा दाखवला. तांड्याचे नाईक धावजी पाहून बाहेर आले अन् म्हणाले, "गाय चांगली हाये. दूध किती देते?"

यंदा मात्र नागपूरहून उज्ज्वला मॅडम येणार होत्या. त्यांना पसंत पडलं तर जयाची मांडणी तिथल्या मोठ्या प्रदर्शनात जाणार होती. असं मांडायला लागल्यापासून अकरा वर्षांत पहिल्यांदा कोणीतरी दुधाचं न विचारता पाहणार होतं.

जयानं विषय घेतला ढावल्याचा. आमच्यात पोरगी सासरी निघाली की एकेकीच्या गळ्यात पडून सुरात रडते, तो ढावलो. जिच्या गळ्यात पडली तिनं सुरातच जबाब द्यायचा. पोरीला एकटं रडू दिलं तर तांड्याला तोंड दाखवायची सोय राहत नाही.

ढावलो म्हणजे सुखीबाई. ऐंशीची म्हातारी, पण सूर लावला की दगडाला पाझर फुटावा. जयानं तिला खोलीत बसवलं, दार लावलं.

"गळा कुठी हाये?" सुखीबाईनं विचारलं.

"कोणाचा, दादी?"

"मंग मी कोणाच्या गळ्यात पडू? हवेच्या?"

जयाच्या एका हातात माईक, कानावर हेडफोन. तिनं स्पीकरचं खोकं पुढं सरकवलं.

"याले गळा नाही, नुसतं पोट हाये," म्हणत सुखीबाईनं खोक्याला मिठी मारली अन् सुरू झाली. एक कडवं रडायची, जबाबासाठी थांबायची, पुन्हा रडायची. मधली ती रिकामी जागा जयाला फार आवडली. तिनं ती तशीच ठेवली.

मॅडम भरदुपारी आल्या. सोयाबीनच्या गोदामाला ताडपत्र्या लावून जयानं अंधार केला होता. बांबूंवर आठ खोकी. मधे सुखीबाईचा जुना आरशांचा फेटिया टांगलेला. प्रोजेक्टरनं त्या घागऱ्यावर तांड्याबाहेर जाणारा रस्ता पाडला की आरशांतून उजेडाचे तुकडे भिंतीभर पळायचे. दारावर लिहिलं होतं, बारा मिनिटं बोलू नये. स्वतःचा आवाज ऐकायला सुखीबाई चार बायांना घेऊन आली होती.

पहिलं कडवं झालं. रिकामी जागा आली.

"अवं, पोरगी एकटी रडून राह्यली," त्यातली रुक्माबाई म्हणाली अन् खोक्याला कवटाळून जबाब देऊ लागली.

जयानं खुणा केल्या, ओठांवर बोट ठेवलं, पण कोण पाहते? बाकीच्या तिघीही एकेका खोक्याला भिडल्या. सुखीबाईनं इकडेतिकडे पाहिलं अन् सरळ मॅडमच्या गळ्यात पडली.

"जबाब दे, बाई," ती कानात म्हणाली.

"मला येत नाही हो."

"मंग नुसती रड."

बारा मिनिटांनी खोकी गप झाली. बाया चाळीस मिनिटांनी.

बाहेर येऊन मॅडमनं डोळे पुसले. "हे तुम्ही बसवलं होतं?"

हो म्हटलं असतं तर काम फत्ते. जया खाली पाहून म्हणाली, "नाही मॅडम. त्यांना गप राहा म्हणून सांगितलं होतं."

"बरं झालं, ऐकलं नाही. नुसती खोकी नागपूरला आणू नका."

त्यांनी फॉर्म दिला. साहित्याच्या रकान्यात जयानं लिहिलं, स्पीकर आठ, प्रोजेक्टर एक, फेटिया एक, बाया पाच. अन् सुखीबाईला वाचून दाखवलं.

"आठ खोके अन् पाच बाया?" सुखीबाई म्हणाली. "मंग तीन खोक्यांनी एकट्यानं रडावं काय? आठ लिही."